आक्कांचे बुवा

दुकानात जाऊन काच चाटणारा मासा मागितला की दुकानदार 'सकर' म्हणून एक काळपट पिल्लू पिशवीत घालून देतो. बहुतेक वेळा ते टेरिगोप्लिक्थिस वंशातलं असतं. आज बोटाएवढं दिसतं, पुढे दीड फुटाचं होतं. टाकीत मावेनासं झालं की घरातलं कुणीतरी पुण्य पदरात पाडून घ्यायला ते तळ्यात सोडून येतं, आणि तळ्यातल्या देशी माशांच्या मागे दक्षिण अमेरिकेतला पाहुणा कायमचा लागतो. त्याच कुळात ब्रिस्टलनोज नावाचा एक आटोपशीर मासा आहे. शास्त्रीय नाव अँसिस्ट्रस. अर्ध्या वितीच्या पलीकडे तो सहसा जात नाही, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या चकत्यांचं चिलखत असतं, आणि नराच्या नाकाडावर मऊ, फांद्या फुटलेल्या मिशांचं जंगल. मादीला फक्त ओठाच्या कडेला चार खुंट. हा फरक मला कळतो, कारण रत्नागिरीत मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो त्या आक्का अशा नरांना 'बुवा' म्हणायच्या आणि प्रत्येक बुवाला वेगळं ओळखायच्या.

बँकेची बदली झाली तेव्हा बायकोची शिक्षिकेची नोकरी आणि मुलीची शाळा सोलापुरात होती, म्हणून मी एकटाच आलो. शाखेतले लोक चांगले होते, पण संध्याकाळी साडेसहानंतर एकट्या माणसाने करायचं काय, हा प्रश्न रत्नागिरीच्या पावसात फार मोठा होतो. आक्कांच्या मागच्या पडवीत सिमेंटच्या टाक्या होत्या, त्यावर लोखंडी मांडणीत काचेच्या. गप्पी, मोली, एंजल हे पोटापाण्यासाठी. मुंबईचा एक व्यापारी येऊन घेऊन जायचा. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रात त्यांनी शोभिवंत माशांचं प्रशिक्षण घेतलं होतं. यजमान गेल्यावर घर त्यावर चाललेलं. कोपऱ्यातली अंधारी टाकी मात्र विक्रीसाठी नव्हती. तिथे बुवा.

मी कर्जविभागात होतो. शेड वाढवण्यासाठी आक्कांनी अर्ज केला तेव्हा तो माझ्याच टेबलावर आला. गाय तारण ठेवता येते, रिक्षा ठेवता येते. गप्पी कुठल्या रकान्यात लिहायचे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी बांगड्यांवर काम झालं. त्यांनी हप्ता एकदाही चुकवला नाही आणि मुदतीआधी खातं बंद करून बांगड्या हातात घालूनच बँकेच्या पायऱ्या उतरल्या. दिलेलं वसूल कसं करायचं, हे मला आयुष्यभर शिकवलं गेलं. घेतलेलं परत कसं करायचं याचं प्रशिक्षण कुठल्याच बँकेत होत नाही.

आधी मी नुसता बसायचो. मग हातात बादली आली. पाणी उपसायचं ते तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. माशांच्या अंगातून अमोनिया निघतो. स्पंजात वस्तीला असलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी विषारी नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनने ती वस्ती मरते. हे मी नंतर वाचलं. आक्कांचं शास्त्र दोन वाक्यांत होतं: "घाण काढ. पण घाणीतली भली माणसं ठेव."

बुवांना अंड्यांसाठी गुहा लागते, आणि ती ऐसपैस चालत नाही. नराच्या अंगाला जेमतेम होईल अशीच हवी. आक्का जुन्या घरांचे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, टाकीच्या तळाशी पालथी घालायच्या आणि एक टोक काळ्या दगडाने बंद करायच्या. एका टाकीत नारळाची करवंटी होती. जोडीला आठवडाभर उकळून बुडवलेलं लाकूड. त्यावर जो बुळबुळीत थर जमतो तो हे मासे दिवसरात्र खरवडत बसतात. ऐन दुपारी पडवीत ऊन आलं की आक्का मला त्यांचा डोळा दाखवायच्या: प्रकाश वाढला की वरून बाहुलीवर एक छोटी पाकळी उतरते आणि डोळ्यात चंद्रकोर उरते.

खरा हंगाम मृगाचा. पहिल्या सरींनी कौलांवरची वर्षभराची धूळ धुऊन जाऊ द्यायची, मग पागोळ्यांखाली पिंप लावायचं. पावसाचं पाणी मृदू आणि गार. दोन-तीन दिवस तेच थोडं थोडं टाकीत घालायचं. मूळ मुलखातल्या नद्यांना पूर येतो तेव्हा या माशांना जे जाणवत असेल, त्यातलं काहीतरी पडवीतल्या टाकीत उतरत असावं. बुवा कौलात शिरून शेपटीने ते आतून घासून काढू लागला की आक्का भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने फक्त 'साफसफाई' लिहायच्या. एकादशी, संकष्टी, साफसफाई.

मग एका रात्री मादी आत जाते, पुष्कळ वेळ आतच राहते, आणि बाहेर येते तेव्हा तिचं पोट सपाट असतं. पुढचं सगळं नराकडे. नारिंगी, साबुदाण्याहून थोडी मोठी अंडी एकमेकांना चिकटून घोसच तयार होतो. नर दाराशी शेपटी करून बसतो आणि परांनी अखंड वारा घालतो, म्हणजे पाणी हलतं राहतं, प्राणवायू मिळतो आणि बुरशी धरत नाही. खाणं जवळपास बंद. मी टॉर्च घेऊन वाकलो तेव्हा आक्का म्हणाल्या, "मेल्या, बाळंतिणीच्या खोलीत बॅटरी मारतं का कोणी?"

"आक्का, पण आत तर नर आहे."

"मग तोच बाळंतीण."

पाण्याचं तापमान सव्वीस-सत्तावीसच्या आसपास असलं तर पाच-सहा दिवसांत अंडी फुटतात. पण पिल्लं बाहेर येत नाहीत. पोटाला पिवळ्या बलकाची भलीमोठी पिशवी लटकलेली, मागे वळवळणारी शेपटी. ती बापाच्या आडोशाला कौलाच्या छताला तोंडाने चिकटून बसतात आणि पुढचा आठवडाभर त्या पिशवीवरच जगतात. मग एका सकाळी पुढच्या काचेवर बारीक ठिपके दिसतात. आक्का त्या दिवशी चौकोनात काही लिहीत नसत. पिल्लं इंचभर होईपर्यंत त्या मोजतही नसत.

पुढे एकदा मी त्यांना एक शोधनिबंध वाचून दाखवला. सबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या तिघा अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञांनी 1999 साली मांडलेली कल्पना अशी की नराच्या त्या मिशा म्हणजे पिल्लांची नक्कल असावी. ज्याच्या गुहेत आधीच अंडी-पिल्लं आहेत अशा नराकडे मादी ओढली जाते; पोरं सांभाळणारा आहे याचा तो पुरावा. ज्याच्याकडे अजून पोरं नाहीत त्याने निदान तोंडावर तशी वळवळ दाखवावी. आक्कांनी चष्मा वर केला. एका कौलात अंडी असताना दुसरी मादी तिथेच घुसते आणि शेजारचं रिकामं कौल तसंच राहतं, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. "म्हणजे दाढी नव्हेच ती," त्या म्हणाल्या, "आपण पोरंबाळंवाले आहोत असं दाखवतोय! लबाड." नंतर बरेच दिवस त्या बुवांशी जरा तुटक वागत होत्या.

बदलीचं पत्र आलं, मी सामान बांधलं. निघायच्या दोन दिवस आधी आक्कांनी एका जोडीचं खाणं बंद केलं, म्हणजे प्रवासात पिशवीतलं पाणी खराब होऊ नये. हे मासे जाळीने धरायचे नाहीत. गालांवरचे काटे जाळीत अडकतात. वाटीत हाकलायचे. पिशव्या दोन, एकात एक, मध्ये वर्तमानपत्राचा कागद, कारण परांचे काटे प्लास्टिकला भोक पाडतात. पैशाचा विषय मी काढला, त्यांनी ऐकला नाही. म्हणजे नाकारलाही नाही. पिशवीला रबर लावत "आंबा घाटात खिडकी लावून घे" एवढंच म्हणाल्या.

सोलापूर म्हणजे वेगळंच पाणी. रत्नागिरीची विहीर जांभ्या दगडातली, तिचं पाणी मृदू. इथे बोअरचं जड, भांड्यावर पांढरा थर सोडणारं. नळाला उजनीचं पाणी, तेही काही दिवसांआड. ते पिंपात भरून ठेवावंच लागतं, आणि तेवढ्या वेळात त्यातला क्लोरीन आपोआप उडून जातो. माझ्या माशांइतका महापालिकेच्या वेळापत्रकाचा फायदा शहरात कुणाला झाला नसेल. उन्हाळा मात्र जीव काढतो. पारा चाळिशीच्या वर गेला की टाकीतलं पाणीही तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मी टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि टेबलपंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून सोडला. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरलं. रत्नागिरीच्या दमट हवेत ही युक्ती इतकी चालली नसती. आक्कांना मी शिकवली अशी ही एकमेव गोष्ट, आणि त्यांच्या काही उपयोगाची नाही.

पहिली अंडी बुवाने चौथ्या दिवशी कौलाबाहेर फेकली. कोवळे नर असं करतात. मी रात्री उशिरा फोन लावला. आक्का झोपेतून उठल्या असणार, पण आवाजात त्याचा मागमूस नव्हता. "चहाची गाळणी आहे ना घरात? नवी घे, जुनीला चहाचा वास असेल." गाळणी पाण्यात अर्धी बुडवून टाकीच्या काठाला अडकवायची, खाली हवेचा खडा, अंडी बुडबुड्यांत जराशी हलली पाहिजेत, उड्या मारता कामा नयेत. पांढरं पडलेलं अंडं लगेच ड्रॉपरने उचलायचं, नाहीतर त्याची बुरशी शेजाऱ्याला धरते. "आणि बदामाचं पान घाल." सोलापुरात समुद्रकाठचा बदाम मी कुठे शोधणार? एसटीच्या पार्सलने खोकं आलं: वाळून तांबूस झालेली पानं, नीट पुसून, वर्तमानपत्रात घड्या घालून. पाणी चहासारखं झालं. अंडी सगळी वाचली नाहीत. बरीच वाचली.

पिल्लं वाढवताना मरतात ती बहुधा उपाशीपोटी. टाकी स्वच्छ हवी म्हणून लोक शेवाळ घासून काढतात, एकदा चिमूटभर खाणं टाकतात आणि समजतात की झालं. या पिल्लांना दिवसरात्र चरायला लागतं. दोडका, दुधी, काकडी, पालक. जरा वाफवायचं, गार करायचं, काट्याचमच्याला टोचून बुडवायचं. सकाळचा तुकडा संध्याकाळी बाहेर, नाहीतर तो सडून पाणी नासवतो. काचेला चिकटलेल्या पिल्लाचं पोट समोरून दिसतं: ते भरलेलं, फुगीर हवं. आत गेलेलं पोट दिसलं की उशीर झालेला असतो. घरात दोडका आणला की आधी मधला कोवळा भाग टाकीचा, मग आमटीचा, ही वाटणी बायकोने कधी मान्य केली ते मला आठवत नाही. मुलगी मात्र दप्तर टाकल्याबरोबर पोटं तपासायची.

काही वर्षं गेली. फोनवर आक्का म्हणाल्या की त्यांच्याकडच्या विणींत आता वाकड्या कण्याची पिल्लं दिसू लागली आहेत, अंडीही कमी फुटतात. कारण त्यांना ठाऊक होतं. एकाच घरातली लग्नं फार झाली. मुंबईचा व्यापारी नवा नर आणायचा म्हणून दोनदा सकर देऊन गेला होता.

माझ्याकडचे सगळे त्यांच्याच जोडीचे, ते देऊन काय उपयोग? मग पुण्यात एका हौशी माणसाकडून मी मादी आणली, वेगळ्या वाणाची. तिची नि माझ्या बुवाची पिल्लं वाढायला, त्यांतल्या नरांना दाढी फुटायला आणि त्यांतला एक देण्याजोगा ठरायला वर्ष सहज गेलं. त्याचे पर धड होते, पोट भरलेलं, खोड्या पुरेशा. तो घेऊन मी रत्नागिरीला गेलो.

आक्कांनी त्याला काचेच्या वाडग्यात घेतला, उजेडाकडे धरला, पोटाखालून पाहिला. "कुणाचा?"

"आईकडून पुण्याचा. वडिलांकडून तुमचा."

"म्हणजे नातू." वाडगा खाली ठेवून त्यांनी कालनिर्णयच्या चौकोनात काहीतरी लिहिलं, मला वाचता आलं नाही.

निघताना हातात कोकमाची पुडी आली, आणि एक फुगलेली पिशवी. आत दोन तरण्या माद्या, दुसऱ्याच कुठल्या तरी जोडीच्या, ज्यांच्याबद्दल त्या मला आधी कधी बोलल्या नव्हत्या. "तुझ्याकडे सगळे भाऊबंद झालेत. ह्या घेऊन जा." एका नराच्या बदल्यात दोन माद्या. मी हिशेबाचा माणूस. पायरीवरच मला कळलं की बाकी पुन्हा माझ्याकडेच निघते आहे.

साखरप्याला एसटी थांबली तेव्हा कंडक्टरने मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. "मासे? वास कसा नाही येत?"

"जिवंत आहेत."

"एवढेसे? खाणार काय त्यात?"

आंबा घाट चढेपर्यंत मी त्याला दाढी, करवंटी, चहाची गाळणी, सगळं सांगितलं. मलकापूरच्या पुढे तो शेजारी येऊन बसला आणि त्याने खिशातून तिकिटाचा एक कोरा कागद काढला. त्याच्या मुलाला टाकी हवी होती म्हणे, घरी जागा बेताची. मी त्याला नंबर दिला आणि बजावलं की दुकानातून सकर आणू नको. थांब, पुढच्या विणीतला नर आणि या माद्यांची एखादी पोर, अशी जोडी देतो.

"टाकी किती मोठी लागेल?" त्याने विचारलं.

"शंभर लिटर घे," मी म्हटलं. "आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही हां."