चार्जिंग कोण खातंय : 5जी, टॉवर की ऊस?



कांद्याची लागण निम्मी झाली, गहू कांडी धरायला लागलाय आणि या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट आहे. म्हणजे दारं धरायला रात्रीच मळ्यात. आमच्या जुन्नर तालुक्यात रात्रीच्या भरण्याला निघताना माणूस तीन गोष्टी बघून घेतो. टॉर्च, काठी आणि फोनचं चार्जिंग. (आमच्याकडं टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात, म्हणून गोंधळ नको, खाली जिथं बॅटरी लिहिलंय ती फोनचीच.) बिबट्या इथं पाहुणा राहिलेला नाही, तो उसात वस्तीलाच आहे. त्यामुळं फोन चालू असणं ही चैनीची गोष्ट नाही.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. बांधापलीकडचे अण्णा रात्री दीडला भरणं करत होते. उसाच्या कडेला मादी आणि दोन पिल्लं. अण्णा मागं मागं सरकत मोटारीच्या खोलीत शिरले, दार लावून घेतलं आणि फोन काढला तर फोन मेलेला. उजाडेपर्यंत आत बसून राहिले. इकडं घरी वहिनी फोन लावतायत, तर "स्विच ऑफ". ती रात्र त्या माऊलीनं कशी काढली ते तिचं तिला माहीत. सकाळी अण्णा मला म्हणाले, "सांजच्याला फुल्ल चार्ज व्हता रं. मी एक पिच्चर बघितला नाय का गाणं लावलं नाय. मग गेली कुठं बॅटरी?"

गावात त्याचं उत्तर तयारच होतं. 5जी आलं, 5जीच बॅटरी खातं. देशात 5जी 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं आणि त्यानंतर गावागावात ज्यानं नवा फोन घेतला त्याची ही तक्रार आहे. पण माझ्या मनाला ते पटंना. कारण तोच फोन घरी वस्तीवर दिवसभर टिकतो आणि मळ्यात रात्रीत झोपतो. जी तोच, फोन तोच. मग फरक जागेचाच असणार ना?

म्हणून मी खताचा प्लॉट घेतो तसा फोनचा प्लॉट घेतला. फोनवर दिसणाऱ्या काड्यांवर विश्वास ठेवायचा नाही हे आधी ठरवलं. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपल्या मनानं ठरवतो. एकाच जागी माझ्या फोनवर तीन काड्या आणि पुतण्याच्या फोनवर एक, असं मी बघितलंय. खरा आकडा आत असतो. सेटिंगमध्ये अबाउट फोन, तिथं सिम स्टेटस, तिथं सिग्नल स्ट्रेंथ. काही फोनमध्ये *#*#4636#*#* दाबलं की तेच पान उघडतं. आकडा डीबीएममध्ये असतो आणि त्याच्या आधी वजा असतं. म्हणजे वजा 80 चांगला, वजा 110 वाईट, वजा 120 ला जवळजवळ संपलंच. हे 4जीचं सांगतोय. 2जीचा आकडा वेगळ्या पद्धतीनं मोजतात, त्यामुळं 2जी आणि 4जीच्या आकड्यांची तुलना करायची नाही. आणि हा आकडा आपल्या पीएचसारखा आहे. दहा अंक खाली गेला म्हणजे थोडं कमी झालं असं नाही, दहावा हिस्सा उरला. वजा 80 वरून वजा 110 म्हणजे सिग्नल हजार पटीनं बारीक.

माझे आकडे असे आले. वस्तीच्या गच्चीवर वजा 84. विहिरीपाशी, ओढ्याच्या खोलगटात, वजा 109. आणि बारा फुटी उसाच्या सरीत वीस पावलं आत गेलो तर वजा 118. गच्चीपासून तिथपर्यंत चालत सात-आठ मिनिटं लागतात.

आता रात्रीचा हिशोब. चार रात्री फोन 5जी ऑटोवर, चार रात्री फक्त 4जीवर लॉक करून. रात्री नऊ ते पहाटे पाच, फोन वरच्या खिशात, चार-पाच कॉल, टॉर्च वेगळी. 5जी ऑटोवर चाळीस ते पंचेचाळीस टक्के गेले, 4जीवर वीस-बावीस. मग तेच घरी गच्चीवर झोपून केलं तर दोन्हीत दोन-तीन टक्क्यांचा फरक. हा माझ्या एका फोनचा आणि एका वावराचा हिशोब आहे, विद्यापीठाची शिफारस नाही. पण यातून मला जे कळलं ते असं, की 5जी चोर नाही. जिथं 5जी धड नाही आणि धड गेलेलंही नाही, त्या काठावरच्या जागेत बॅटरी लुटली जाते.

असं का, ते समजून घ्यायला आपली हाक पुरेशी आहे. शेजारच्या सरीतल्या माणसाशी आपण हळू बोलतो. ओढ्यापलीकडं कोणी असेल तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. फोनचं तसंच आहे. टॉवर जवळ असला तर तोच फोनला सांगतो की हळू बोल, आणि फोन अगदी नावाला वीज वापरतो. टॉवर लांब गेला की सांगतो, जोरात बोल. 4जी फोनला साधारण 200 मिलिवॅटपर्यंत जोर लावता येतो. एका वॅटचा पाचवा हिस्सा फक्त, पण खिशातल्या एवढ्याशा बॅटरीला तो जड जातो, कारण तेवढा आवाज काढायला आतलं यंत्र त्याच्या कितीतरी पट वीज घेतं. आणि नीट ऐकू गेलं नाही की तेच परत सांगावं लागतं. एकच फोटो दोनदा-तीनदा पाठवल्यासारखा खर्च.

यातच दुसरी गंमत. टॉवर उंचावरून कित्येक वॅटनं बोलतो, म्हणून आपल्याला त्याचं ऐकू येतं आणि काडी दिसते. पण आपल्या खिशातल्या पाव वॅटाच्या आतल्या फोनचं त्याला जात नाही. "काडी दाखवतंय पण कॉल लागंना" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

आणि 5जीचा यात हात कुठं? आपल्याकडं 5जीचा मोठा भाग 3300 मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतो. जुनं 2जी 900 आणि 1800 वर. लहरी जितक्या वरच्या पट्ट्यातल्या तितक्या झाडोऱ्यात, भिंतीत, टेकाडामागं लवकर दमतात. बारा फुटी ऊस म्हणजे पाण्यानं भरलेल्या पानांची भिंतच. त्यात काही कंपन्यांचं 5जी अशा पद्धतीचं आहे की फोनला 5जीसोबत 4जीचाही धागा धरून ठेवावा लागतो, म्हणजे दोन बैलजोड्यांना एकदम चारा. काठावर तर फोन 5जी पकडतो, सोडतो, 4जीवर येतो, परत शोधतो. ती शोधाशोध आपण फोन न काढताही खिशात चालूच असते. अण्णांनी पिक्चर बघितला नव्हता, फोन रात्रभर टॉवर हुडकत होता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जिथं 5जी खणखणीत आहे, तिथं तेच काम लवकर उरकून फोन लवकर झोपतो. दहा मिनिटांचं डाऊनलोड एका मिनिटात झालं तर बॅटरी वाचतेच. म्हणून गावात, नारायणगावच्या बाजारात 5जी चालू ठेवा की. बंद करायचं ते मळ्याच्या वाटेला लागताना.

खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या आमच्याकडं लांबून दिसतात. 45 मीटर व्यासाच्या, तारेच्या जाळीच्या, अशा 30 तबकड्या, काही खोडदला एकत्र आणि बाकीच्या लांबपर्यंत पसरलेल्या. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पोरांना घेऊन गेलो होतो. तिथं फोन बंद करायला लावतात. नुसता खिशात पडलेला चालू फोनसुद्धा मधून मधून टॉवरला "मी इथं आहे" म्हणून सांगत असतो आणि आकाशातून येणारा रेडिओचा आवाज इतका बारीक, की त्यापुढं आपला फोन म्हणजे लग्नातला डीजे. जुन्या माणसांना आठवत असेल, बटणाचा फोन रेडिओजवळ ठेवला की कॉल यायच्या आधी रेडिओत टुर्र टुर्र वाजायचं. तो फोनचा टॉवरशी बोलण्याचाच आवाज होता. 2जी फोनला 2 वॅटपर्यंत जोर लावायची मुभा होती, पण तो थांबून थांबून बोलायचा. त्याची बॅटरी चार दिवस पुरायची ती मात्र या जोरामुळं नाही. मोठी स्क्रीन नव्हती आणि मागं चोरून चालणारी पन्नास कामं नव्हती म्हणून.

तर मी काय करतो ते सांगतो. मळ्यात जाताना सेटिंगमध्ये पसंतीचं नेटवर्क 4जी करतो, काही फोनात त्याला एलटीई लिहिलेलं असतं. दुसऱ्या सिमला मळ्यात रेंज नाही, ते बंद करतो, नाहीतर ते बसलंय आपलं रात्रभर शोधत. व्हॉट्सअपचे फोटो आपोआप उतरणं बंद. पहाटे चारला सुप्रभातची शंभर गुलाबं उतरवायला माझ्या बॅटरीनं का झटायचं? फोन वरच्या खिशात ठेवतो. विहिरीवरच्या आंब्याच्या फांदीला टांगला तर आकडा वजा 109 चा वजा 103 होतो, पण वेळेला फोन हातात पाहिजे, फांदीला नाही.

2जीवर टाका असा सल्ला सरसकट देऊ नका. ज्या कंपनीचं जाळंच 4जीपासून सुरू होतं, तिचं सिम 2जीवर टाकलं तर नेटवर्कच जाईल. आणि एअरप्लेन मोड दिवसा ठीक, रात्री अजिबात नको. दिवसा क्षेत्र मोजायचं असेल तर मात्र तो बेस्ट, कारण जीपीएस नुसता ऐकतो, बोलत नाही, त्याला टॉवर लागत नाही.

मोटारीच्या मोबाईल स्टार्टरवाल्यांनी एक बघा. बऱ्याच ठिकाणी त्याची छोटी अँटेना लोखंडी पेटीच्या आतच पडलेली असते. लोखंडी पेटीत सिग्नल शिरत नाही. वायर बाहेर काढून अँटेना पेटीच्या वर, उभी बसवा. "मोटर फोन उचलत नाही" या तक्रारीतल्या निम्म्या तिथंच मिटतात. आणि त्यात कुठलं सिम चालतं, 2जीचं की 4जीचं, हे घेतानाच विचारा.

आता आमच्या कृषी मित्रांना थोडं बोलतो, राग मानू नका. तुम्ही म्हणता, "शेतातून व्हिडिओ कॉल करा, करपा दाखवा." साहेब, बॅटरीला सगळ्यात महाग काम तेच आहे, वजा 115 वर उभं राहून फोननं बोलत राहणं. पानाचा, खोडाचा, मुळाचा असे चार चांगले फोटो आम्ही जागेवर काढतो, घरी येऊन पाठवतो, तुम्ही तासाभरानं बघा. करपा तासाभरात कुठं जात नाही. ई-पीक पाहणी 2021 च्या 15 ऑगस्टला सुरू झाली तेव्हापासून बघतोय, ॲप करणारा माणूस पुण्या-मुंबईत वजा 70 वर बसून ॲप करतो आणि ते चालवायचं असतं ओढ्याच्या कडेला. एकदा उसात उभं राहून चालवून बघा म्हणावं.

रात्रीचं शेवटचं. स्वतःच्या सिमला रेंज नसली आणि फोनवर फक्त इमर्जन्सी कॉल असं दिसत असलं तर 112 लावा. तो कॉल तिथं ज्या कंपनीचा टॉवर सापडेल त्यावरून जातो. वन विभागाचा 1926 घरच्यांच्या फोनमध्येही टाकून ठेवा. आणि फोन वीस टक्क्यांवर आला की मी घरी एक कॉल करून सांगतो की अमुक वावरात आहे, मग फोन बघणं बंद.

अण्णांच्या फोनवर 4जी लॉक करून दिलंय. शिवाय त्यांनी जुना बटणाचा फोन कमरेला बांधलाय, तो वेगळाच. परवा म्हणाले, "आता दोन फोन आन् एक काठी."

आमचा ऊस जानेवारीत तुटेल. तुटल्यावर त्याच सरीत, त्याच वीस पावलांवर उभं राहून परत आकडा घेणार आहे. ऊस किती खातो आणि ओढ्याचं खोलगट किती, ते तेव्हा वेगळं निघेल. तुम्हीही तुमच्या विहिरीवरचा आकडा, पीक कुठलं आणि उंची किती एवढं लिहून कळवा.