खोपोलीचा टप्पा

बोरघाटाच्या पायथ्याशीं असलेल्या खोपोलीस वर्षांतून एकदां तरी आमचें जाणें होतें. तेथें नाना फडणिसांनीं बांधविलेला विस्तीर्ण तलाव व महादेवाचें मंदिर आहे. दर्शन घेऊन आम्ही तलावाच्या पायरीवर घटकाभर बसतों. लोकांस वाटतें, म्हातारा जप करीत आहे. परंतु आमचें चित्त तेव्हां एका हरवलेल्या गांवाचा शोध घेत असतें. आजची खोपोली कारखान्यांची. तिच्याच जागीं एके काळीं दुसरी एक खोपोली होती, ती पालख्यांची, तट्टांची आणि भोयांची. तिचा आतां मागमूसही नाहीं.

मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य पूर्वीं भरतीच्या पाण्याबरोबर होडीनें पनवेलीस उतरे, तेथून खुष्कीनें खोपोली गांठी आणि घाट चढून खंडाळ्यास जाई. इ. स. १८३० मध्यें, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असतां, घाटांतून गाडीरस्ता झाला. पुढें आगगाडी आली. १८५३ सालीं ती ठाण्यापर्यंत, १८५६ सालीं खोपोलीपर्यंत धांवूं लागली. आणि १८५८ सालीं वरच्या अंगास खंडाळा ते पुणें हा फांटा सुरू झाला. खालचा लोहमार्ग खोपोलीस संपे, वरचा खंडाळ्यास आरंभे; मध्यें सह्याद्रि उभा! हें मधलें अंतर उतारूंनीं पालखींतून, तट्टावरून किंवा बैलगाडींतून तोडावें, अशी व्यवस्था होती. पांच वर्षें खोपोली म्हणजे मुंबई-पुणें प्रवासाचा उंबरठा झाली.

या पांच वर्षांशीं आमच्या घराण्याचा संबंध आहे. आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली हकीकत अशी कीं, त्यांचे आजोबा, म्हणजे आमचे खापरपणजोबा, त्या काळीं खोपोलीस ब्राह्मण उतारूंकरितां खाणावळ चालवीत. गाडी आली कीं वरणभाताचीं पानें वाढावयाचीं आणि भोई हांका मारूं लागण्यापूर्वीं उतारूंस उठवावयाचें. पैसा बरा मिळे. त्यांतून त्यांनीं आपल्या थोरल्या मुलास पुण्यास शिकावयास ठेविलें. पुढें हांव सुटली. शके १७८४ मध्यें, म्हणजे इ. स. १८६२ सालीं, राहतें घर गहाण टाकून त्यांनीं खाणावळीवर माडी चढविली. तें गहाणखत आमच्या ट्रंकेंत अद्याप आहे.

आश्चर्य हें कीं, त्याच वेळीं डोक्यावरच्या डोंगरांत सुरुंग उडत होते. घाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ पासून चालू होतें. सुमारें सोळा मैलांत अठराशें फुटांहून अधिक चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. आणि ऐन भरांत चाळीस हजारांहून अधिक मजूर! त्यांतील कित्येक हजार पटकी व तापानें मेले. खापरपणजोबा त्या कामावरच्या कारकुनांस जेवूं घालीत. ज्या कामानें आपला धंदा बुडणार, त्याच कामामुळें पंगत वाढलेली पाहून त्यांनीं माडी बांधली! १८६३ सालीं घाटांतून आगगाडी सुरू झाली. ती पळसदरीहूनच डोंगरास लागली आणि खोपोली एका आडफांट्यावर राहिली. टप्पा उठला; घाटाचीं इंजिनें जोडण्याचा मान कर्जतीस गेला. भोई पांगले, तट्टें विकलीं गेलीं. दोन वर्षांत माडी सावकाराची झाली.

ही कथा आम्हीं शाळेंत भूगोल शिकवितांना मुलांस अनेकदां सांगितली, आणि तिचें तात्पर्य नेहमीं एकच काढलें: वाटेच्या भरंवशावर घर बांधूं नये. परंतु गेल्या वर्षीं हें तात्पर्य आमच्याच दारीं परत आलें. आमच्या चिरंजीवांनीं हमरस्त्यालगत उपाहारगृह काढण्याचा बेत केला आणि घर तारण ठेवण्याकरितां आमची सही मागितली. आम्हीं गहाणखत काढून त्यांच्यापुढें ठेविलें. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पूर्ण झाल्यावर जुन्या रस्त्यावरील किती दुकानांचें गिऱ्हाईक आटलें, हेंही ऐकविलें.

चिरंजीवांनीं सर्व शांतपणें ऐकलें. मग म्हणाले, “अण्णा, माडी गेली हें खरें. पण त्या पांच वर्षांच्या भातावरच पणजोबा शिकले ना? ते शिकले म्हणून पुढें आजोबा शिकले, तुम्ही मास्तर झालांत. त्यांनीं खाणावळ काढली ही चूक नव्हे. घर गहाण टाकलें, ही चूक.”

चाळीस वर्षें आम्हीं मुलांचे पेपर तपासले. आपलें उत्तर अर्धेंच बरोबर आहे, हें मुलाकडून कळावयाचें होतें! रात्रभर विचार केला. सकाळीं चिरंजीवांस सांगितलें कीं, घरावर सही करणार नाहीं. आमच्या निवृत्तीच्या शिलकेंतून जमेल तें देऊं, आणि तेवढ्यांत बसेल एवढेंच दुकान काढा. त्यांनीं तें मानलें. दुकान लहान आहे, बरें चालतें.

परवां पुन्हां तलावाच्या पायरीवर बसलों होतों. खापरपणजोबांवरचा आमचा जुना राग त्या दिवशीं कोठें गेला, कळेना. वाट आपल्या गरजेप्रमाणें वळते. तिच्यावर रुसून काय होणार? पण ती दारावरून जात आहे तोंवर आल्यागेल्यास पान वाढावें, मिळेल त्यांतून मुलांस शिकवावें, आणि घराची वीट मात्र तिच्या हवालीं करूं नये. आम्ही ओंजळभर पाणी तोंडावर मारलें आणि परतीच्या गाडीसाठीं स्टेशनाकडे निघालों.