आत्मचरित्राची वही

आत्मचरित्र लिहावें तें थोरांनीं, अशी आमची फार दिवसांची समजूत होती. ज्यानें राज्य चालविलें, ग्रंथ रचले, निदान तुरुंगवास तरी भोगला, त्यानें आपली हकीकत सांगावी. तीस वर्षें त्याच त्या वर्गांत त्याच त्या कविता शिकविणाऱ्या प्राध्यापकाजवळ सांगण्यासारखें काय असणार? म्हणून गतवर्षीं आमच्या मंडळीच्या पाळकांनीं, पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकानें ईस्टरपूर्वीच्या उपासकाळांत आपलें चरित्र स्वतःपुरतें लिहून पाहावें, असें सुचविलें, तेव्हां आम्हांला मनांतल्या मनांत हसूं आलें. परंतु पाळकांचा शब्द मोडवेना. शंभर पानी वही आणली, आणि रोज रात्रीं एक पान लिहावयाचें असा नेम केला.

वस्तुतः ख्रिस्ती परंपरेंत हा उद्योग फार जुना आहे. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो नगरीचा बिशप ऑगस्टीन यानें इ. स. ३९७ च्या सुमारास ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. त्याचे भाग तेरा असून ते सर्व देवाला उद्देशून आहेत. येथें सहजच शंका येते कीं, देव जर सर्वज्ञ आहे, तर त्याला आपली हकीकत सांगण्याचें प्रयोजन काय? वर्गांत या ग्रंथाविषयीं बोलतांना विद्यार्थ्यांनीं ही शंका आम्हांला विचारलेली आहे, व तिचें पुस्तकी उत्तर आम्हीं अनेकदां दिलेलें आहे. खरें उत्तर वही लिहूं लागल्यावर कळलें. शेजाऱ्याला हकीकत सांगतांना मनुष्य सोईप्रमाणें चार गोष्टी गाळतो व दोन पदरच्या घालतो. परंतु ज्याला सारें अगोदरच ठाऊक आहे त्याला सांगावयास बसला, म्हणजे ती सोय राहत नाहीं. सोळाव्या वर्षीं सवंगड्यांसह शेजारच्या झाडाचीं नासपतीचीं फळें चोरल्याची गोष्ट ऑगस्टीननें किती बारकाईनें उकरून काढली आहे! भूक नव्हती, फळेंही विशेष चांगलीं नव्हतीं. बहुतेक डुकरांपुढें टाकलीं. मग चोरी कां केली? या एका प्रश्नापाशीं तो थांबतो, आणि पोरवय होतें एवढें म्हणून स्वतःची सुटका करून घेत नाहीं.

आपल्या मराठींतही ही वाट मळलेली आहे. सतराव्या शतकांत संत बहिणाबाईंनीं अभंगांतून आत्मवृत्त सांगितलें. त्यांचा मार्ग निराळा, परंतु देवासमोर आयुष्य मांडण्याची ओढ तीच. बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं बेळगांवास बाप्तिस्मा घेतला, व ‘अरुणोदय’ हें आत्मचरित्र १८८८ सालीं प्रसिद्ध केलें. मध्यें चौतीस वर्षें गेलीं, आणि हें अंतर आम्हांला महत्त्वाचें वाटतें. आयुष्यांत काय घडलें हें त्याच वेळीं कळतें. त्याचा अर्थ कळावयास काळ जावा लागतो. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागाभागांनीं निघालीं. पतीनें १८९५ सालीं धर्मांतर केल्यावर त्यांनीं केलेला आकांत, त्यांचें सोंवळें, त्यांच्या फजित्या, हें सारें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें आहे. पुढें त्याही ख्रिस्ती झाल्या. पण म्हणून पूर्वींच्या स्वतःला झांकून ठेवण्याची खटपट त्यांनीं केली नाहीं.

आमची वही पहिले दोन आठवडे सुखासमाधानानें चालली. वडिलांची मास्तरकी, देवळाची रविवारची घंटा, आईनें दिव्याजवळ बसून वाचून दाखविलेलें शुभवर्तमान, हें लिहितांना लेखणी कोठें अडली नाहीं. मग १९९७ साल आलें. या सालाची एक गोष्ट आम्ही पंचवीसांहून अधिक वर्षें सांगत आलों होतों. ती अशी कीं, मुंबईच्या एका महाविद्यालयांत चांगली जागा मिळत असतां, आईला अर्धांगवायूचा झटका आला म्हणून आम्हीं ती नाकारली व गांवींच राहिलों. रविवारच्या शाळेंत पांचव्या आज्ञेवर बोलतांना आम्हीं ही गोष्ट मुलांना सांगितली, तरुणांच्या मेळाव्यांत साक्ष म्हणून सांगितली, घरांत स्वतःच्या मुलांना तर कितीदां सांगितली याची गणती नाहीं.

वहींत तारीख नेमकी असावी म्हणून माळ्यावरची ट्रंक काढली. तींत त्या महाविद्यालयाचें पत्र सांपडलें. तें जून महिन्याचें होतें, व आमची निवड झाली नसल्याचें त्यांत कळविलें होतें. आईला झटका आला तो नोव्हेंबरांत.

पत्र हातांत घेऊन आम्ही बराच वेळ बसलों. आम्हीं जाणूनबुजून लबाडी केली असेंही म्हणवत नाहीं. मुंबईस कां गेलां नाहीं, असें कोणीं तरी विचारलें असेल, आणि आम्हीं आईच्या आजाराकडे बोट दाखविलें असेल. पुढें सांगतां सांगतां तेंच खरें होऊन बसलें. परंतु ट्रंकेंत आणखी एक कागद होता. आमची धाकटी बहीण तेव्हां परगांवीं एका रुग्णालयांत परिचारिका होती. तिच्या राजीनाम्याची ती नक्कल होती, तारीख डिसेंबरची. आईला कुशीवर वळविणें, अंग पुसणें, भरविणें, रात्रीं दोनदां उठणें, हें सारें तीन वर्षें तिनें केलें. आम्ही सायंकाळीं महाविद्यालयांतून येऊन आईच्या उशाशीं अर्धा तास स्तोत्र वाचीत असूं. नोकरी सोडली तिनें, आणि त्यागाची साक्ष दिली आम्हीं!

त्या रात्रीं नेमाचें पान कोरें राहिलें. पुढच्या दोन रात्रींत तीन मसुदे केले. पहिल्यांत, निवड झाली असती तरी आम्ही गेलों नसतों, असें लिहिलें. दुसऱ्यांत स्वतःला इतकें झोडपलें कीं तेंही एक प्रदर्शनच झालें. तिसऱ्यांत विषयच टाळला. तिन्ही फाडले. मग पेत्राची आठवण झाली. मुख्य याजकाच्या वाड्यांत त्यानें प्रभूला तीनदां नाकारलें, तेव्हां मार्काच्या वृत्तांताप्रमाणें बाकीचे शिष्य अगोदरच पळून गेले होते. मग ही गोष्ट बाहेर आली कशी? मार्कानें आपलें शुभवर्तमान पेत्राच्या आठवणींवरून लिहिलें अशी फार जुनी परंपरा आहे. ती धरली तर ही गोष्ट खुद्द पेत्रानेंच सांगितली असली पाहिजे. मंडळीचा पुढारी झाल्यावर ती गाळणें त्याला अवघड नव्हतें. त्यानें ती गाळली नाहीं, आणि तींत एकही सबब घातली नाहीं.

चौथ्या रात्रीं आम्हीं तिन्ही तारखा एकीखालीं एक लिहिल्या, आणि घडलें तें सहा ओळींत लिहिलें. पुढच्या रविवारीं बहिणीकडे जाऊन तें पान वाचून दाखविलें. ती भाजी निवडीत बसली होती.

“ठाऊक होतं मला, दादा,” ती म्हणाली.

“मग कधीं बोलली कां नाहींस?”

“पहिल्यांदाच बोलायला हवं होतं. पुढं तुझीं मुलं ऐकायला बसूं लागलीं. त्यांच्यादेखत कसं बोलायचं?” थोडें थांबून ती म्हणाली, “पण आतां मला देवमाणूस करूं नकोस. मी रोज चिडत होतें. आईवर ओरडलेंसुद्धां आहें. लिहायचं तर तेंही लिही.”

आम्हीं तिचेंच पेन मागून घेतलें व तेंही लिहिलें.

ज्या लॅटिन शब्दावरून ऑगस्टीनच्या ग्रंथाचें नांव आलें, त्याचे अर्थ दोन आहेत: दोष कबूल करणें, आणि देवाची स्तुति करणें. हे दोन अर्थ एका शब्दांत कसे मावतात हें आम्हांला कधीं नीट उमगलें नव्हतें. त्या दिवशीं उमगलें. आमची गोष्ट जोंपर्यंत उभी होती, तोंपर्यंत बहिणीच्या त्या तीन वर्षांबद्दल देवाचे आभार मानण्यास आमच्याजवळ जागाच नव्हती; कारण त्या जागेवर आम्ही स्वतः बसलों होतों. कबुलीनें ती जागा मोकळी झाली.

ज्या कोणाला हा उद्योग करून पाहावासा वाटेल, त्याला आमची सूचना एवढीच कीं, केवळ आठवणीवर विसंबूं नये. जुनीं पत्रें, हिशेबाच्या वह्या काढाव्या. आणि आपल्या चांगुलपणाचा खर्च ज्यानें सोसला असेल, त्याला तें पान आधीं वाचून दाखवावें.

घरीं आल्यावर मुलांना जवळ बसवून आम्हीं सारी गोष्ट नव्यानें सांगितली. धाकट्यानें विचारलें, “म्हणजे नोकरी आत्यानं सोडली?” आम्हीं होय म्हटलें. त्या रात्रीं वहींत दुसरें कांहीं लिहिलें नाहीं.