पेठेतली खोली, मंडईतली पिशवी

पुण्यात बाहेरगावाहून शिकायला आलेल्या कुणालाही विचारा, 'जेवणाचं काय?' उत्तर ठरलेलं : एक वेळची मेस. दुपारी मेस आणि रात्री... 'बघू'! या 'बघू'मध्ये वडापाव येतो, मॅगी येते, अमृततुल्यचा चहा-क्रीमरोल येतो आणि महिनाअखेरीला नुसताच चहा येतो. सदाशिव, नारायण, शनिवार... पेठांमधल्या निम्म्या कॉट रोज रात्री या 'बघू'वर झोपतात, बॉस.

माझा मावसभाऊ त्यातलाच. बार्शीचा. एमपीएससीचा अभ्यास, कॉट बेसिसवर खोली, दोन पार्टनर. दिवाळीत घरी गेला तेव्हा मावशीने जबरदस्तीने रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन साडेनऊ! तेवीस वर्षांचा मुलगा आणि दोन जिने चढला की धाप. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर 'नीट जेव' हेही सांगितलं. आता नीट जेवायचं कशात? भाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज हे सगळं वजा जाता त्याच्या हातात आठवड्याला उरतात सहाशे रुपये. खराडीत आमच्या ऑफिसखालच्या कॉफी शॉपमध्ये दोघांनी बसून केक मागवला तर तेवढं बिल होतं. ते मनात आल्यावर कॉफी जरा कडूच लागली.

म्हणून जानेवारीतल्या एका गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी मंडई गाठली. हल्ली ते फार सोपं झालंय. रामवाडीला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची आणि थेट मंडई स्टेशन. सप्टेंबर २०२४ मध्ये हा भुयारी टप्पा सुरू झाला. जमिनीखालून सरकत्या जिन्याने वर यायचं आणि समोर अष्टकोनी मनोरा मिरवणारी १८८६ ची दगडी इमारत! इंग्रजांनी गव्हर्नरच्या नावाने हिला रे मार्केट म्हटलं. आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना ती महात्मा फुले मंडई झाली. आपण मात्र नुसतंच 'मंडई' म्हणतो, आणि पुणेकराला तेवढं पुरतं.

आत उंच ओट्यांवर विक्रेते बसलेले, आपण खाली उभे. मान वर करून भाव विचारायचा. भाव करायला ही पोझिशन अजिबात सोयीची नाही! शिवाय आतला माल निवडक, एकसारखा, भावही तसाच. आमचं काम बाहेर होतं. बाहेरच्या रस्त्यांवर पोत्यांवर 'वाटे' मांडलेले असतात. टोमॅटोचा वाटा, वांग्यांचा वाटा, वजनकाटा नाही. रात्री आठनंतर पालेभाजीवाल्या मावशींना घरी जायची घाई असते. सकाळी वीसला असलेली मेथीची जुडी तेव्हा दहाला मिळते. अट एकच, निवडत बसायचं नाही. 'घ्यायची तर घे बाबा, उलटीपालटी नको करू,' एका मावशींनी भावाला सुनावलं. त्याने मुकाट दोन जुड्या पिशवीत टाकल्या.

पण खरी अडचण भाव नव्हतीच. ती त्याच्या खोलीत होती.

बघा हं : फ्रिज नाही. गॅस नाही, एक इलेक्ट्रिक शेगडी आहे. तीन लिटरचा कुकर आहे. आणि भिंतीवर मालकांची पाटी : 'खोलीत सामिष पदार्थ, अंडीसुद्धा, चालणार नाहीत.' (पुणेरी पाटी नसेल तर खोली पेठेतली कशी?) म्हणजे 'अंडी खा' हा जगातला सगळ्यात सोपा सल्ला बाद. स्वस्त आणि हेल्दी खाण्याच्या टिप्स देणारे सगळे जण गृहीत धरतात की तुमच्याकडे फ्रिज आहे, ओव्हन आहे आणि रविवारची मोकळी दुपार आहे. विद्यार्थी काय खाणार हे त्याच्या खिशाइतकंच त्याच्या खोलीवर ठरतं. आमची यादी आम्ही खोलीला विचारून केली.

फ्रिज नाही, तर भाजी टिकण्याच्या क्रमाने घ्यायची. मेथी-पालक पहिल्या दोन दिवसांत संपवायचे. नंतर टोमॅटो, गाजर. आठवड्याच्या शेवटाला कोबी आणि भोपळा. लाल भोपळ्याची फोड घेऊ नका, कापलेली फोड खोलीत लवकर बुरसते. छोटा अख्खा भोपळा शोधा, तो कोपऱ्यात निवांत बसून राहतो. लिंबं पाच घेतलीच. कडधान्यावर, पालेभाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. आणि जेवणावर लगेच चहा प्यायला की तेच लोह कमी शोषलं जातं. हे ऐकून मावसभावाचा चेहरा पाहण्यासारखा झाला! पेठेत राहून जेवणानंतरचा चहा सोडायचा? शेवटी 'तासाभराने' यावर तह झाला.

मग किराणा. मूग, मटकी, मसूर, शेंगदाणे, सोयावडी, नाचणीचं पीठ, तांदूळ. सगळं सुटं, पावशेर-अर्धा किलोच्या हिशोबाने. पन्नास किलोच्या पोत्याशेजारी उभं राहून पावशेर मागायला काही जणांना लाज वाटते. वाटू देऊ नका, दुकानदाराला रोज अशी शंभर गिऱ्हाइकं असतात. अंड्याची कसर इथे भरून निघते. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन. मूठभर, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम शेंगदाण्यांतही तेवढंच. सोयावडी तर शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या वर जाते. चव तिला स्वतःची नाही हे मान्य, पण रस्सा झणझणीत केला की कोण विचारतो! आणि नाचणी : शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून मॉलमध्ये हीच नाचणी चकचकीत पाकिटात 'मिलेट' होऊन बसलीय. गोणीतली नाचणी आणि पाकिटातली नाचणी, दोघींची आई एकच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं असावीत असं त्यात आहे. मेसच्या वाटीतली पाण्याशी सलगी केलेली आमटी आठवून पाहा, म्हणजे हे ८५ ग्रॅम कुठे राहतात ते कळेल.

बिल? भाजी आणि फळं (पेरू आणि केळी, सफरचंदाकडे पाहिलंसुद्धा नाही) १८० रुपये. किराणा ३६५. एकूण ५४५. तेल, मीठ, येसर बार्शीहून येतं. उरलेले पंचावन्न भाकरीसाठी, कारण भाकरी थापायला त्याला येत नाही आणि त्या शेगडीवर ती फुगणारही नाही. पेठेत पोळी-भाजी केंद्रं आहेत, तिथून नुसत्या भाकऱ्या घ्यायच्या आणि उसळ आपली. बाकी दिवस भात. जानेवारी आहे म्हणून हे जमलं, हेही सांगते. पावसाळ्यात पालेभाजी महागते. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली होती, तेव्हा आमटीला चिंच हाच उपाय होता. बजेट कॅलेंडर बघून बदलतं.

हे शहर गरीब विद्यार्थ्याच्या भुकेला नवीन नाही. एके काळी इथे मुलं वार लावून जेवायची. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. सात घरं मिळाली तर नशीब, नाही तर तो वार उपाशी. कुणी माधुकरी मागायचं. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती आली. ज्यांना तिथे जागा मिळते त्यांचं ठीक. बाकीचे हजारो माझ्या भावासारखे कॉटवर. वार लावणाऱ्याची उपासमार निदान गल्लीला माहीत असायची. याची शेजारच्या पार्टनरलाही कळत नाही, कारण 'जेवलास का?'ला 'हो' म्हणायला पैसे पडत नाहीत.

त्या रात्री खोलीवर आम्ही एकाच कुकरमध्ये सगळं बसवलं. तळाला मसूर-पालक, वरच्या डब्यात तांदूळ, त्यावरच्या छोट्या डब्यात शेंगदाणे. तीन शिट्ट्या. तोवर मूग भिजत घातले. उद्या रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधायचे, आणि थंडीत मोड यायला एखादा दिवस जास्त लागतो म्हणून गाठोडं अभ्यासाच्या टेबलाखाली, शेगडीच्या उबेला. कुकर उघडला तेव्हा लातूरचा पार्टनर खाली चहाला निघाला होता. वास आल्यावर चप्पल काढून परत आत आला. बोलला काहीच नाही, ताट मात्र स्वतःचं घेऊन बसला. जेवण झाल्यावर त्याने विचारलं, 'ताई, हे दोघांत केलं तर किती पडेल?' मावसभावाने मॉक टेस्टच्या पेपरची मागची बाजू काढली. बाराशेचा हिशोब मांडताना पहिल्याच ओळीवर भांडण सुरू झालं, कारण लातूरकराला सोयावडी आवडत नाही.