काचेच्या बांगड्या

मुंबईच्या हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. माझं सगळं लहानपण त्याच्या आसपास गेलं. नाव ऐकून हिरवा कापूस डोळ्यांपुढे आणू नका हं! फार पूर्वी कुलाब्याला ज्या मोकळ्या जागेत कापसाच्या गाठींचा बाजार भरे, तिला इंग्रज कॉटन ग्रीन म्हणत. बाजार इकडे आला, तसं नावही पाठोपाठ आलं. आमच्या एका अंगाला गिरण्या, दुसऱ्या अंगाला गोदीची गोदामं आणि मध्ये आमची चाळ.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा गिरणीत होते आणि मी सहावीत. आठवडाभरात मिटेल, असं सगळे म्हणत होते. होळी गेली, शाळेचा निकाल लागला, तरी संप चालूच. आईच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या गहाण पडल्या. उरल्या हिरव्या काचेच्या बांगड्या. गिरण्या बंद असल्या तरी गोदामं चालू होती. तिथल्या माथाडी कामगारांना आई जेवणाचे डबे देऊ लागली. आधी पाच, मग बारा. त्याचे पैसे ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवी.

आणि याच मे महिन्यात मला वंडर वूमन भेटली.

गल्लीच्या तोंडाशी एक रद्दीचं दुकान होतं. तिथे दिवसाला 25 पैसे भाड्याने चित्रकथा मिळत. वेताळ आणि मँड्रेक तर मराठीतूनच असायचे. त्यांत बायका असत, पण बहुधा संकटात सापडायला! म्हणजे मग वेताळाला धावून येता येई. ते एक पुस्तक मात्र इंग्रजी होतं, पाठकोरं, शेवटची पानं गायब. मुखपृष्ठावर एक बाई सुटलेल्या गोळ्या चक्क मनगटावर झेलत होती.

आमचं इंग्रजी तेव्हा दोन वर्षांचं. चित्रं कळली, अक्षरं नाही. वरच्या मजल्यावर कॉलेजात जाणारा एक दादा होता. त्याला चार दिवस मस्का लावला आणि गोष्ट वदवून घेतली. चार दिवसांचं भाडं झालं एक रुपया. तो मी बिस्किटांच्या डब्यातून घेतला. कोणाला न विचारता.

गोष्ट मात्र भन्नाट! दूर समुद्रात एक बेट. तिथे ॲमेझॉन नावाच्या लढवय्या बायका राहतात. पुरुष औषधालाही नाही. त्यांची राणी हिप्पोलिटा हिला मूल हवं असतं, म्हणून ती मातीची मुलगी घडवते आणि ॲफ्रोडाइट देवी त्या मातीत जीव घालते. तीच डायना, म्हणजेच वंडर वूमन. तिच्याजवळ एक सोनेरी दोर असतो. तो ज्याच्याभोवती पडेल, त्याला खरंच बोलावं लागतं.

झालं! धाकट्या भावाने बादलीची दोरी सोडली आणि चाळीत जो दिसेल त्याला बांधत सुटला. त्या संध्याकाळी त्याने मलाच गुंडाळलं. "बोल, माझी गोटी कोणी घेतली?" आई स्टोव्हपाशी होती. मान न वळवता ती म्हणाली, "तिला विचार, डब्यातला रुपया कुठे गेला?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

दोरी बादलीचीच होती. काहीसुद्धा झालं नाही. पण रात्री छाती अशी धडधडत होती की शेजारी झोपलेल्या भावाला ऐकू जाईल असं वाटलं. (पुष्कळ वर्षांनी वाचलं, की वंडर वूमन निर्माण करणारे विल्यम मोल्टन मार्स्टन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. रक्तदाब मोजून खोटं ओळखायची एक चाचणी त्यांनी तयार केली होती. मग 1941 साली ही नायिका आणली. चित्रं काढली एच. जी. पीटर यांनी. त्या रात्री त्यांनी माझा रक्तदाब मोजायला हवा होता!)

पहाटे पाचला आई कणीक मळत होती. मी जवळ जाऊन बसले आणि सांगून टाकलं.

"ठाऊक होतं मला," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "एका रुपयाचं असं होतं तरी काय त्यात?"

मी सगळं सांगितलं. मातीच्या मुलीचं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आपल्या पार्वतीसारखंच की! तिनेही अंगाच्या मळाचा गणपती केला." मग मी बांगड्यांचं सांगितलं. हर्क्युलसने कपटाने या बायकांना बेड्या घातल्या होत्या. त्या सुटल्या, पण ते दिवस विसरू नयेत म्हणून मनगटांत कडी घालत राहिल्या. त्याच कड्यांवर डायना गोळ्या अडवते. (मूळ ग्रीक पुराणात डायना नाहीच. हर्क्युलस हिप्पोलिटाचा कमरपट्टा आणायला जातो आणि एका कथेत तिला मारूनच टाकतो. चित्रकथावाल्यांनी तिला जिवंत ठेवलं, हे मला आवडतं.)

आईचे हात थांबले. "बांगड्यांवर गोळ्या?" ती म्हणाली. "आणि आपल्याकडे सभेत ओरडतात, आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात!" ती मोठ्याने हसली, इतकी की बाबा जागे झाले. मग बांगड्या कोपराकडे सारून तिने पुन्हा कणकेत हात घातले. "रुपया फेडायचा. उद्यापासून चार डबे तू पोचवायचेस."

चार दिवस म्हणता म्हणता सगळी सुट्टी मी डबे पोचवले. बाबांची गिरणी पुन्हा काही सुरू झाली नाही. पाटल्याही सुटल्या नाहीत.

2017 साली वंडर वूमनचा सिनेमा आला. पॅटी जेन्किन्स या बाईंनीच तो दिग्दर्शित केला होता. मी आईला घेऊन गेले. इंग्रजी तिला तेव्हाही येत नव्हतं. पहिल्या महायुद्धातला प्रसंग होता. डायना एकटीच खंदकातून वर येते आणि समोरून गोळी सुटते. ती मनगटावर अडते. मग गोळ्यांचा पाऊस. आईने अंधारात माझा हात घट्ट धरला. तिच्या बांगड्या माझ्या हाताला रुतत होत्या.

प्रसंग संपल्यावर ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "एकपण फुटली नाही गो!"