मेण लावलेलं अंडं

आमच्याकडे तडा गेलेलं अंडं पूर्वी सरळ तव्यावर जायचं. आजही जातं, पण आधी माझ्या हाताखालून. दोन अंडी घेऊन एकमेकांवर हलकेच वाजवायची, कुंभाराकडून मडकं वाजवून घेतात तशी. धड जोडीचा आवाज टणक येतो. एकालाही केसाएवढी चीर असली की आवाज बसतो. हे मला सासूबाईंनी दाखवलं. त्यांचं आयुष्य खुडूक कोंबड्या बसवण्यात गेलं. डालग्यात भुसा, त्यावर नऊ किंवा अकरा अंडी, समसंख्या कधी नाही. यंत्रावर त्यांचा विश्वास नाही. "अगं, आई नाही तिथं ऊब कसली?" असं म्हणतात, आणि एकविसाव्या दिवशी माझ्याआधी काचेशी येऊन बसतात.

यंत्र म्हणजे मासळीबाजारातून आणलेलं थर्माकोलचं खोकं. झाकणात काच, आत दोन बल्ब, थर्मोस्टॅट आणि जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा. तापमान ३७.५ अंश. दमटपणा पहिले १८ दिवस पन्नास टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर. वीज गेली की वरून गोधडी, फक्त हवेची भोकं उघडी ठेवायची. एवढं सांभाळलं की धड अंडी बहुतेक आपली आपण निघतात, त्यात लिहिण्यासारखं फार नाही. मला शिकवलं ते अधू अंड्यांनी.

दोन वर्षांपूर्वी झाबुआकडून कडकनाथची सोळा अंडी मागवली. कडकनाथची कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, त्यामुळे तिची अंडी दुसरीखाली तरी घालायची नाहीतर यंत्रात. रात्रभर बसच्या डिकीत आदळत आलेलं ते खोकं उघडलं, तर दोन अंड्यांना चिरा. एवढ्या लांबून आलेल्याचं ऑम्लेट करवेना.

कवचाच्या आत दोन पापुद्रे असतात. कवच तडकलं आणि पापुद्रा शाबूत राहिला, तर अंड्याला आशा असते. पांढरं पाझरलं की संपलं. माझी दोन्ही कोरडी होती. कोरड्या फडक्यानं पुसली. ओल्या फडक्यानं पुसू नये, पाण्याबरोबर घाण छिद्रांतून आत ओढली जाते. मग मेणबत्ती वितळवून काडीच्या टोकानं चिरेवर मेण लावायला घेतलं. पहिल्या अंड्याला इतक्या मायेनं लिंपलं की निम्मं अंडं पांढरं झालं. दुसऱ्याच्या वेळी मेण संपत आलं होतं, म्हणून चिरेवरून नुसती एक रेघ निघाली. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात दोन्हींत लाल शिरांचं जाळं दिसलं. बाराव्या दिवशी लिंपलेल्यात हालचाल नव्हती. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, आतला जीव त्यांतूनच हवा घेतो. मी त्याच्या नाकावर मेण ओतलं होतं. दुसरं वाचलं ते माझ्या शहाणपणानं नव्हे, मेणबत्ती आखूड होती म्हणून.

खरं तर चिरेची मला उगाच जास्त धास्ती होती. जास्त अंडी गेली ती वरून धडधाकट दिसणारी. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. हिसक्यांनी ती जागची सुटते, आणि उजेडात धरलं की गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी इकडून तिकडे पळते. अशी अंडी आल्या आल्या यंत्रात ठेवू नयेत. रुंद टोक वर करून ट्रेमध्ये निदान एक दिवस विसावू द्यावीत आणि यंत्रातही तशीच उभी ठेवावीत. मला हे ठाऊक नव्हतं. मी सगळी आडवी ठेवली, वर दिवसातून तीनदा फिरवली.

मेणाच्या अंड्याचं वजन मी सोनाराकडच्यासारख्या लहान काट्यावर करत होते. अंड्यातलं पाणी हळूहळू उडतं. अठराव्या दिवसापर्यंत वजन बारा-तेरा टक्क्यांनी उतरलं तर ठीक. हे ४७ ग्रॅमचं होतं, म्हणजे ४१ च्या आसपास यायला हवं होतं. काटा ३९ दाखवत होता. चिरेतून पाणी जास्त गेलं होतं. खोक्यात ओल्या फडक्याची आणखी एक वाटी ठेवली, पण उशीर झाला होता.

एकविसाव्या दिवशी दुपारी एका धड अंड्याला टोच पडली. संध्याकाळपर्यंत पुढे काही होईना, तसा मला धीर निघेना. टोच पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक अख्खा दिवस लागू शकतो, हे वाचून पाठ होतं. तरी मी चिमट्यानं कवच उचकटलं. पापुद्र्यातल्या शिरा अजून भरलेल्या होत्या. लालभडक रक्त आलं. पोटाशी पिवळा बलक तसाच, आत ओढून घ्यायचा राहिलेला. ते पिल्लू रात्र काढू शकलं नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

मेणाच्या अंड्याला टोच पडली ती दुसऱ्या दिवशी पहाटे. रात्र झाली, तिसरा दिवस उजाडला, भोक होतं तेवढंच. आतून चिवचिव मात्र येत होती, आणि तीही मंदावत चाललेली. "आता बघ," सासूबाई म्हणाल्या. भोकातून दिसणारा पापुद्रा कागदासारखा पांढरा आणि कोरडा पडला होता. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं तो जरा ओला केला, तेव्हा आरपार दिसलं. शिरा रिकाम्या होत्या. पिल्लू सुकलेल्या पापुद्र्याला चिकटून बसलं होतं. रुंद टोकाकडची टोपी तेवढी कणाकणानं सोडवली. "बास. काढ हात." काढला, आणि अंडं परत यंत्रात ठेवलं. पाच तासांनी पिल्लू पाय झाडत बाहेर आलं. पाठीवर काळपट पट्टे, मानेशी मेणाचा तुकडा चिकटलेला.

सोळांतली सहा निघाली, त्यातलं हे एक.

तुम्ही चिरेचं अंडं लावणार असाल, तर एक ऐका. अठराव्या दिवसापर्यंत रोज नाकाशी धरून त्याचा वास घ्या. आत कुजलेलं अंडं वायूनं फुगून फुटतं, आणि घाण शेजारच्या धड अंड्यांवर उडते. शंका आली की कागदात गुंडाळून घरापासून लांब पुरा. पुरण्याआधी फोडून बघू नका. मी एकदा बघितलं आहे.