मुक्ताईनगर ते चांगदेव : जोडचाकांवरून

मुक्ताईनगर हे रस्त्यांचे गाव आहे. सुरतेकडून धुळे, जळगाव, भुसावळ करीत नागपूरकडे जाणारा महामार्ग गावाला लागून जातो. त्याचा जुना क्रमांक ६, नवा ५३. इच्छापूर-बऱ्हाणपूरकडून इंदूरला जाणारी वाटही येथूनच फुटते. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी गावाचे जुने नाव एदलाबाद अजून येते. संत मुक्ताबाईंवरून नवे नाव पडले. रात्रंदिवस मालमोटारी धावतात, पण गावकऱ्याचे खरे रस्ते वेगळेच. कोथळीचा, चांगदेवचा, कुऱ्ह्याचा, अंतुर्लीचा आणि ज्याच्या त्याच्या शेताचा. या शेवटच्या रस्त्यावर एस. टी. जात नाही. तेथे पूर्वी बैलगाडी होती, आता मोटारसायकल आहे. डब्बा, फवाऱ्याचा पंप, खताची गोणी, पाठीमागे घरधनीण, सगळे तिच्यावरच.

माझे मावसभाऊ याच भागातले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही आप्पाच म्हणतो. काळी कसदार सहा एकर जमीन. निम्म्यात केळी, उरलेल्यात कापूस आणि हरभरा. तीन वर्षांपूर्वी रात्री शेतातून येताना, दिव्याविना उभ्या असलेल्या एका ट्रॉलीवर त्यांची मोटारसायकल आदळली. जीव वाचला, पण डावा गुडघा कायमचा अधू झाला. पाय दिसायला ठीक दिसतो, काठी घेऊन चालताही येते. पण अंगाचा भार एकदम त्या पायावर आला की तो दगा देतो.

मोटारसायकलवाल्याला डावा पाय किती लागतो हे पाय गेल्याशिवाय कळत नाही. गिअर डाव्या पायात. शिवाय गाडी थांबली की खाली टेकतो तोही बहुधा डावाच, कारण उजवा मागच्या ब्रेकवर असतो. चालत्या दुचाकीला तिचा वेगच सावरतो. थांबली की मात्र तिला माणसाचा पाय हवा. म्हणजे आप्पांची अडचण चालवण्याची कमी आणि थांबण्याची जास्त होती.

दहा महिने ते दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहत ओट्यावर बसले. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. केळीचे घड कापायला टोळी येते ती आपल्या सोयीने. कोणता घड घेतला, कोणता सोडला, काट्यावर किती भरले, हे पाहायला मालक बांधावर नसला तर काय होते ते केळीवाल्याला सांगायला नको. मुलगा नोकरीला नाशिकला. शेवटी जमीन बटाईने द्यायची गोष्ट निघाली. माणूसही ठरला होता. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "जमीन देऊन दिली तर तुम्ही दिवसभर कराल काय?" आणि त्यांनीच नातेवाइकांकडून जोडचाकांच्या गाडीची चौकशी काढली.

तर ही गाडी. बिनगिअरची साधी स्कूटर, दोन्ही ब्रेक हातात, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी सांगाड्यावर बसवलेली एकेक लहान चाके. चाके मोजली तर चार भरतात, पण गावाच्या तोंडी ती तीनचाकीच. खरी तीनचाकी वेगळी. तिचे मागचे मूळ चाक काढून रिक्षासारखा आस टाकतात आणि त्याला दोन चाके देतात. ती अधिक भक्कम, पण काम मोठे आणि खर्चही मोठा.

दुचाकीचे तीनचाकी करणे आपल्या मुलखाला नवे नाही. शेजारच्या गुजरातेत पुढून बुलेट आणि मागून गाडा असा छकडा माणसे आणि माल घेऊन वर्षानुवर्षे फिरला. अमरेली जिल्ह्यातल्या मोटा देवळिया गावचे मनसुखभाई जगानी यांनी तर १९९४ च्या सुमारास बुलेटचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा सांगाडा जोडला आणि त्याला कोळप्याची, पेरणीची अवजारे लावली. बैलजोडी पोसणे परवडत नाही आणि ट्रॅक्टर घेणे झेपत नाही, अशा शेतकऱ्यासाठी काढलेली ती युक्ती. 'बुलेट सांती' हे तिचे नाव देशभर झाले, तिला पेटंटही मिळाले. मनसुखभाईंना मशागतीसाठी चाके वाढवायची होती, आप्पांना मशागत पाहायला जाण्यासाठी.

महाशिवरात्रीची यात्रा उलगडल्यावर मी मुक्ताईनगरला गेलो होतो. माघ महिन्यात येथे मुक्ताई आणि चांगदेव यांची मोठी यात्रा भरते. त्या गर्दीत गाडी घालण्यात अर्थ नव्हता. एका दुपारी आप्पा म्हणाले, "चला, चांगदेवला जाऊ." मी मागे बसलो.

आधी कोथळी. मुक्ताबाईंचे जुने मंदिर येथे आहे. आषाढीला येथून पालखी निघते आणि महिनाभर पायी चालून पंढरपूरला पोहोचते. फार लांबून येणाऱ्या मानाच्या पालख्यांत तिची गणना होते. आप्पांनी चार वाऱ्या पायी केल्या आहेत. देवळासमोर जागा पुष्कळ होती, तरी त्यांनी गाडी आत न घालता तोंड रस्त्याकडे करून उभी केली. कारण विचारले. या गाडीला मागे जायचा गिअर नाही, आणि उतरून ढकलायला त्यांना पाय नाही. काही कारागीर मागे जाण्याची सोय करून देतात, यांनी ती घेतलेली नव्हती. त्यामुळे कुठेही थांबायचे ते पुढे निघता येईल अशा बेताने. बैलगाडीवाला बाजारात गाडी सोडताना हेच पाहतो.

कोथळी सोडल्यावर दोन्ही अंगांना केळीच्या बागा, मध्ये गव्हाचे हिरवे-पिवळे तुकडे. रस्ता वळणाचा. येथे मला गाडीचा खरा फरक कळला. दुचाकी वळणावर आपोआप कलते आणि आपणही तिच्याबरोबर कलतो. शिकवावे लागत नाही. ही गाडी कलत नाही. तिचे हँडल रिक्षासारखे जोर लावून वळवावे लागते आणि ती माणसाला वळणाच्या बाहेर फेकू पाहते. आप्पा प्रत्येक वळणाच्या आधी वेग उतरवत आणि अंग आतल्या बाजूला झुकवत. मलाही तसेच बसायला सांगत. वळणात शिरल्यावर एकदम ब्रेक मारायचा नाही. बाहेरच्या चाकावर भार जाऊन आतले चाक उचलते, आणि या लहान चाकांना बहुधा स्वतःचा ब्रेक नसतोच. मागचा मनुष्य पाटासारखा ताठ बसला तर चालवणाऱ्याचे काम दुप्पट होते.

पण सगळ्यांत घातक सवय निराळीच. तीस-पस्तीस वर्षे दुचाकी चालवलेल्या माणसाचा पाय गाडी थांबताना आपोआप खाली जातो. येथे पाय खाली गेला तर मागून येणारे जोडचाक टाचेवर चढते. आप्पा म्हणाले, "अजून बी पाय खाली जातो. मग मी मलेच म्हनतो, पाय वर!" पहिले पंधरा दिवस ते शाळेच्या मोकळ्या पटांगणात नुसते थांबायला शिकत होते. बघायला पोरे जमत. एवढा जुना गाडीवान, त्याने पोरांसमोर पहिल्यापासून सुरुवात करायची, हे सोपे नाही. गावात दोघांनी 'लहान मुलाच्या सायकलची चाके' असे नावही ठेवले. आप्पांनी ते मला हसत सांगितले, पण सांगितले हेही खरे.

वाटेत त्यांनी गाडी शेताकडे वळवली. गाडरस्ता, दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा उंचवटा. दुचाकीवाला एक चाकोरी धरून सरळ जातो. जोडचाकांची गाडी चाकोरीत घातली की एक लहान चाक उंचवट्यावर चढते, दुसरे कडेच्या मातीवर, आणि ज्या मधल्या चाकात इंजिनाची ताकद आहे ते चाकोरीत अधांतरी राहून जागच्या जागी फिरते. गाडी तसूभर हलत नाही. म्हणून आप्पा चाकोरी सोडून मधल्या गवतावरून जातात. गाडी हेंदकाळते, कंबर हलते, पण पोहोचते. मृगात पाऊस पडून काळी माती चाकांना धरू लागली की मात्र या रस्त्याने ती चालत नाही. तेवढे दिवस डांबरी रस्त्याच्या कडेला गाडी ठेवून पुढे शेजाऱ्याच्या बैलगाडीतून जावे लागते. घेणाऱ्याने हे आधी पाहावे. आपला शेतरस्ता कसा आहे, फाटक किती रुंद आहे, केळीच्या दोन ओळींतून गाडी निघते का. दुचाकी जेथून सहज निसटते तेथे ही अडते.

कागदांचेही सांगून टाकतो, कारण पुष्कळ लोक चाके बसवतात आणि कागद विसरतात. गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. अपंग व्यक्तीसाठी केलेल्या बदलाला मात्र वाट आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा वाहनाला कायद्यात स्वतंत्र व्याख्याही मिळाली. त्यासाठी परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन नोंदणीपुस्तकात बदल नोंदवावा लागतो, विमा कंपनीला कळवावे लागते आणि चालवण्याच्या परवान्यावरही तशा वाहनाची नोंद लागते. हे नसेल तर अपघातानंतर विम्याचे भांडण उभे राहते. अपंगत्वाचा दाखला शासकीय रुग्णालयातून मिळतो, त्यावरून ओळखपत्र निघते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. आपला त्यात बसतो की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच ठरवू नये. ज्यांचे दोन्ही पाय अधू आहेत त्यांच्यासाठी कानपूरची 'अलिम्को' ही १९७२ साली स्थापन झालेली सरकारी संस्था बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी सायकली बनवते. त्या गावातल्या फिरण्याला बऱ्या, गाडरस्त्याला नव्हेत.

चांगदेवला पोहोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. येथे पूर्णा तापीला मिळते. खाली हतनूरचे धरण आहे, ४१ दरवाजांचे, १९८२ साली पुरे झालेले. त्याचे पाणी संगमापर्यंत फुगून मागे येते, त्यामुळे नदी कमी आणि तळे जास्त वाटते. हिवाळ्यात या पाण्यावर परदेशी पाखरे उतरतात. काही थवे अजून होते. काळ्या दगडाचे जुने, बिनशिखराचे देऊळ पाण्याकडे पाहत उभे आहे. योगी चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक करून निघाले आणि ज्ञानदेवादी भावंडे भिंतीवर बसून त्यांना सामोरी गेली, ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. पुढे एवढ्या मोठ्या योग्याने लहानग्या मुक्ताबाईला गुरू केले. आप्पा म्हणाले, "वाघाले मागे घ्यायचा गिअर व्हता का नव्हता, कोनी लिहून ठेवलं नही."

पायऱ्यांपाशी त्यांनी काठी काढली आणि माझा हात न घेता चढले. वेळ लागला. आत गारवा होता. दर्शन घेऊन आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. पायी वारीचे मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले की पालखी निघते त्या दिवशी कोथळीपासून पुढच्या मुक्कामापर्यंत गाडी मागे-मागे नेतात, दिंडीच्या चालीने. एवढ्या हळू चालवायला दुचाकी उपयोगाची नव्हती, पडली असती.

अंधार पडायच्या आत निघालो. गाडीच्या पाठीमागे आणि दोन्ही जोडचाकांच्या सांगाड्यांवर त्यांनी लाल चकाकती पट्टी चिकटवली आहे, मागच्या वाहनाला गाडीची खरी रुंदी दिसावी म्हणून. वाटेत एक ट्रॉली कडेला उभी होती, दिवा नव्हता. आप्पांनी गाडी थांबवली, पाय वरच ठेवले, ट्रॉलीवाल्याला हाक मारली आणि डिकीतून त्याच पट्टीचा उरलेला तुकडा काढून त्याच्या हातात दिला.

त्या आठवड्यात वीज रात्री आठला येत होती. मला घराशी सोडून ते शेताकडे वळले. वहिनींनी डब्बा तयारच ठेवला होता.